क्रीडा विपणनात काम करायचे असेल, तर लिहिता येणे खरोखर किती आवश्यक आहे?

खोखोचा गडी (प्रश्न)

नमस्कार. मी इंदूरला वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकतो. शाळेपासून खो-खो खेळलो, संभागीय स्पर्धांपर्यंत पोहोचलो, आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे गेल्या वर्षी खेळणे थांबवावे लागले. खेळाच्या जवळ राहता यावे, एवढ्याच हेतूने स्पोर्ट्स मार्केटिंगकडे वळण्याचा विचार आहे. मुंबईतील एका एजन्सीकडे सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांनी मुलाखतीच्या आधीच दोन गोष्टी लिहून मागवल्या: एखाद्या स्थानिक स्पर्धेसाठी प्रायोजकाला पाठवायचा एक पानी प्रस्ताव, आणि १५० शब्दांचे प्रसिद्धीपत्रक. मला वाटले होते की ते खेळाविषयी विचारतील, ओळखीपाळखी विचारतील, फार तर इंग्रजीत बोलून पाहतील.

आमचे मामा म्हणतात की लिहिणारे वर्तमानपत्रात जातात आणि बोलणारे मार्केटिंगमध्ये. माझी अडचण अशी आहे की घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची आणि कॉलेज इंग्रजी, यामुळे तिन्ही भाषा थोड्याथोड्या येतात आणि कागदावर एकही नीट उतरत नाही. या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सांगावे की लिखाणाला तिथे खरोखर महत्त्व असते, की ही केवळ उमेदवार गाळण्याची चाळणी आहे? आणि सुधारायचे असेल, तर आधी कोणती भाषा हाती घ्यावी?

मैदानाबाहेरची

मी मूळची इंदूरची, सध्या मुंबईत याच व्यवसायात आहे. तुमच्या मामांचे अर्धे बरोबर आहे. बोलल्याशिवाय पहिली भेट मिळत नाही. पण भेट झाल्यावर समोरचा माणूस एकच वाक्य उच्चारतो, “मला हे लिहून पाठवा,” आणि तिथून पुढे तुमच्या बोलण्याला काही किंमत उरत नाही. ज्याच्याशी तुम्ही बोललात त्याच्या हातात पैसा नसतो. तो तुमचा कागद त्याच्या वरिष्ठाला देतो, वरिष्ठ तो वित्त विभागाला देतो, आणि त्या दोघांनी तुम्हाला कधीही पाहिलेले नसते. तुमच्या अनुपस्थितीत तुमची बाजू मांडण्याचे काम तो कागद करतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की आमच्याकडचे लिखाण म्हणजे जाहिरातीतील चटकदार ओळी. तसल्या ओळी मी इतक्या वर्षांत मोजक्याच लिहिल्या असतील, आणि त्यांतल्या बहुतेक नापसंत झाल्या. माझा दिवस ज्यात जातो ते लिखाण प्रेक्षकांच्या नजरेस पडतच नाही: प्रायोजकाला काय काय मिळणार याची यादी, सामन्याच्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा आराखडा, निवेदकाने प्रायोजकाचे नाव कोणत्या क्षणी आणि कोणत्या उच्चाराने घ्यायचे याची सूचना, खेळाडूच्या खात्यावरून टाकायच्या मजकुराचे चार मसुदे, आणि स्पर्धा संपल्यावरचा अहवाल. या शेवटच्या अहवालाकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, कारण तोवर सगळे दमलेले असतात आणि मंडप उतरवला जात असतो. पुढच्या वर्षीचा पैसा मात्र त्याच अहवालावर ठरतो.

नावाचेच उदाहरण घ्या. आयपीएलच्या आधी लागणारे मुख्य प्रायोजकाचे नाव २००८ मध्ये डीएलएफ होते, २०१३ मध्ये पेप्सी झाले, २०१६ मध्ये विवो, २०२० मध्ये ड्रीम ११, २०२१ मध्ये पुन्हा विवो आणि २०२२ पासून टाटा. अशा प्रत्येक बदलानंतर जुने नाव कोणत्याही पत्रकात, पासवर किंवा निवेदनात चुकूनही राहू नये, हे कोणीतरी ओळ न ओळ वाचून पाहिलेले असते. इंटर्नच्या वाट्याला सुरुवातीला हेच काम येते. ते कंटाळवाणे आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आकडेवाला

ताईंच्या अनुभवाचा आदर आहे, पण मला वाटते की येथे लिखाणाला अवाजवी मोठेपण दिले जात आहे. मी प्रायोजकाच्या बाजूने बसतो, म्हणजे प्रस्ताव माझ्याकडे येतात. मी पहिल्यांदा शेवटचे पान उघडतो, रक्कम पाहतो, मग किती लोकांपर्यंत नाव पोहोचेल तो आकडा पाहतो, आणि दोन्हींचा मेळ बसला तरच मागे येऊन वाचतो. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच हंगामांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, ते ई-लिलावात, पडद्यावर आकडे वाढवत. तिथे कोणाचे शब्दलालित्य कामाला आले? मुलाने एक्सेल शिकावे, प्रेक्षकसंख्या कशी मोजतात ते शिकावे. वाक्ये सुधारून देणारी यंत्रे आता फुकट मिळतात.

मैदानाबाहेरची

आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, असे नम्रपणे म्हणते. त्या लिलावात उतरू इच्छिणाऱ्याला आधी निविदेचा दस्तऐवज घ्यावा लागत होता आणि त्याचे शुल्क २५ लाख रुपये अधिक कर असे होते, परत न मिळणारे. पडद्यावर आकडे वाढवण्याआधी नेमके काय विकले जात आहे हे त्या दस्तऐवजात लिहिलेले होते: भारतातील दूरचित्रवाणी वेगळी, डिजिटल वेगळे, निवडक सामन्यांचे अनन्य नसलेले डिजिटल हक्क वेगळे आणि परदेशातील हक्क वेगळे. पहिले २३,५७५ कोटींना गेले आणि दुसरे २०,५०० कोटींना. या दोन भागांमधली भिंत शब्दांची होती. ती व्याख्या सैल राहिली असती, तर एवढी रक्कम कोणी लावली असती का? शब्दलालित्य आणि लिखाण या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

यंत्रांविषयी सांगायचे, तर तीही आम्ही वापरतो. परंतु मैदानावर काय घडले हे यंत्राला ठाऊक नसते, आणि म्हणूनच त्याने लिहिलेला प्रत्येक प्रस्ताव दुसऱ्या कोणत्याही स्पर्धेला चालण्यासारखा असतो. शेवटचे पान आधी उघडण्याची आपली सवय मात्र खरी आहे. मी तर आता रक्कम पहिल्याच पानावर लिहिते.

जुना पंच

मी एजन्सीवाला नाही. इंदूरला तीस वर्षे खो-खो, कबड्डी आणि मलखांबाच्या स्पर्धा भरवण्यात गेली, त्यामुळे वर्गणी मागण्याचा अनुभव भरपूर आहे. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या काळात सी. के. नायडूंना संस्थानाच्या सैन्यात हुद्दा मिळत असे आणि खेळाचा खर्च राजवाडा पाहत असे. आमच्या पिढीला राजा मिळाला नाही, म्हणून आम्ही दुकानदारांकडे गेलो.

एका वर्षी आम्हाला एका व्यापाऱ्याने स्पर्धेसाठी चांगली रक्कम कबूल केली. पत्र मी लिहिले होते. त्यात माझे वाक्य असे होते की, “आपल्या प्रतिष्ठानास मैदानावर ठळक प्रसिद्धी दिली जाईल.” आम्ही प्रवेशद्वारावर मोठा फलक लावला आणि त्यात समाधान मानले. उद्घाटनाला ते गृहस्थ आले, त्यांनी मैदानाच्या चारही बाजूंना पाहिले आणि व्यासपीठाच्या मागे दुसऱ्याचे नाव पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या मते ठळक म्हणजे व्यासपीठाच्या मागे. माझ्या मते ठळक म्हणजे मोठ्या अक्षरात. उरलेली अर्धी रक्कम त्यांनी दिली नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, पण आज तेच पत्र काढून वाचतो तेव्हा दोष त्यांना देता येत नाही. ती रक्कम आम्ही पाच जणांनी खिशातून भरली, आणि पुढच्या वर्षापासून पत्रात फलक किती, किती फूट बाय किती फूट, कोणत्या जागी आणि किती दिवस, हे लिहू लागलो. “ठळक”, “भव्य”, “यथोचित” हे शब्द मी तेव्हापासून टाकून दिले.

भाचेबुवा, मामांना हे वाचून दाखवा.

करारपत्र

मी वकिली करते आणि खेळाडूंचे काही करार माझ्याकडे तपासणीला येतात. काकांनी सांगितलेल्या प्रसंगात रक्कम अर्धी गेली, परंतु मोठ्या स्पर्धांमध्ये एका शब्दापायी प्रकरण न्यायालयात जाते, म्हणून एक वेगळी बाजू मांडते.

१९९६ च्या विश्वचषकाचे अधिकृत शीतपेय कोका-कोला होते. त्या स्पर्धेत पेप्सीने “नथिंग ऑफिशियल अबाउट इट” अशी मोहीम चालवली आणि ज्या “अधिकृत” या शब्दासाठी प्रतिस्पर्ध्याने पैसे मोजले होते, त्याच शब्दाची थट्टा करून लोकांचे लक्ष स्वतःकडे ओढून घेतले. तीन-चार शब्दांनी काय साधता येते, याचे उदाहरण म्हणून ते आजही सांगितले जाते, आणि त्यानंतर करारांमधली संरक्षक कलमे किती वाढली हे आम्हा लोकांना चांगले ठाऊक आहे. पुढे २००३ च्या विश्वचषकाच्या वेळी फिलिप्सच्या विक्रेत्यांनी “दिवाली मनाओ वर्ल्ड कप जाओ” अशी योजना काढली, तेव्हा आयसीसीच्या व्यापारी कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मनाई हुकूम दिला नाही. स्पर्धेचे बोधचिन्ह वापरलेले नव्हते आणि आपण अधिकृत प्रायोजक आहोत असे कुठेही म्हटलेले नव्हते, हे त्या वेळी महत्त्वाचे ठरले. म्हणजे जे लिहिले त्याइतकेच, जे लिहिण्याचे टाळले तेही कामाला आले.

तुमच्या वयाच्या मुलांना सर्वांत जवळचा धोका अभिनंदनाच्या पोस्टचा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधूने कांस्यपदक जिंकल्यावर तिच्याशी कसलाही करार नसलेल्या अनेक कंपन्यांनी तिचे छायाचित्र आणि स्वतःचे बोधचिन्ह शेजारीशेजारी छापून तिला शुभेच्छा दिल्या. तिचे व्यावसायिक काम पाहणाऱ्या संस्थेने त्यावर कायदेशीर कारवाईची भूमिका घेतली. अशी पोस्ट लिहिणारा बहुधा कार्यालयातला सर्वांत लहान माणूस असतो, जिंकल्याच्या आनंदात लिहितो, आणि दहा मिनिटांत ती प्रसिद्ध होते. त्याचप्रमाणे पैसे घेऊन खेळाडूने केलेली प्रसिद्धी ही जाहिरात आहे असे स्पष्ट सांगण्याची अट जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून घातलेली आहे. ती खूण मजकुरात कुठे यावी, हेही लिहिणाऱ्यालाच पाहावे लागते.

रात्रपाळी

भाषेविषयीच्या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. इंदूरमधील हिंदी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर मी बरीच वर्षे काम केले. रात्री साडेनऊनंतर आलेल्या प्रसिद्धीपत्रकाला आम्ही किती वेळ देत असू, असे तुम्हाला वाटते? पहिला परिच्छेद वाचण्यापुरता. त्यात कोण जिंकले, किती गुणांनी, कोणत्या मैदानावर आणि पुढचा सामना कधी, हे सापडले तर बातमी लागत असे. अध्यक्षांचे भाषण पहिल्या परिच्छेदात आणि निकाल पाचव्यात असेल, तर ते पत्रक चहाच्या कपाखाली जात असे. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी फोन करून रागावत, तो भाग वेगळा.

मराठी घरांतून येणाऱ्या पत्रकांची आणखी एक गंमत होती. अक्षरे तीच, शब्दही तेच, आणि अर्थ भलताच. “आयोजन यशस्वी रहा” असे लिहून येई. हिंदीत “यशस्वी” म्हणजे कीर्तिमान, म्हणून तिथे “सफल” हवे. एकदा एका संघटनेच्या पत्रकात प्रशिक्षकाने “राजीनामा” दिला असे होते. हिंदीत राज़ीनामा म्हणजे तडजोड, त्यामुळे आमच्या नव्या उपसंपादकाने प्रशिक्षक आणि संघटना यांच्यात समेट झाल्याची बातमी तयार केली होती. छपाईआधी लक्षात आले, म्हणून निभावले. “शिक्षा” या शब्दाने काय होऊ शकते, हे सांगायला नकोच: आपल्याकडे खेळाडूला शिक्षा झाली म्हणजे दंड, हिंदीत त्याचे शिक्षण.

तेव्हा कोणती भाषा आधी, याचे माझे उत्तर असे आहे की ज्या वाचकाला पटवायचे आहे त्याची. मुंबईतील एजन्सीला प्रस्ताव इंग्रजीत द्यावा लागेल. इंदूरच्या वर्तमानपत्राला पत्रक हिंदीतच द्यावे लागेल. मराठीत विचार नीट मांडून घ्या, कारण त्या भाषेत तुम्ही स्वतःला फसवू शकत नाही. आपल्या शहराने या बाबतीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. प्रभाष जोशी याच इंदूरच्या “नईदुनिया”तून घडले आणि “जनसत्ता”चे संपादक असतानाही क्रिकेटवर मनापासून लिहीत राहिले. सुशील दोशी येथूनच हिंदी समालोचनात गेले आणि २०१६ मध्ये पद्मश्रीपर्यंत पोहोचले. समालोचन हे बोलणे आहे खरे, पण ज्याला नेमका शब्द त्या क्षणी सापडतो, त्याने तो आधी कुठेतरी शोधून ठेवलेला असतो.

खोखोचा गडी

सर्वांचे मनापासून आभार. मामांना काकांचा प्रसंग वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की तो व्यापारी बहुधा त्यांच्या ओळखीचा असावा.

मी प्रस्तावाचा पहिला परिच्छेद लिहून पाहिला आहे. इंग्रजीत करण्याआधी मराठीत देतो: “खेळ हा निरोगी समाजाचा पाया असून आजच्या तरुण पिढीला मोबाईलच्या विळख्यातून बाहेर काढण्यासाठी आमच्या क्लबने उचललेल्या या स्तुत्य पावलास आपल्यासारख्या नामांकित उद्योगसमूहाने उदार हस्ते साहाय्य करून खेळाडूंचा उत्साह द्विगुणित करावा, ही नम्र विनंती.”

मैदानाबाहेरची

ही गणेशोत्सवाच्या वर्गणीची चिठ्ठी झाली. त्या कामी ती उत्तम आहे. पण यात खो-खो हा शब्दसुद्धा आलेला नाही, आणि हाच मजकूर रांगोळी स्पर्धेसाठी वापरला तरी एक अक्षर बदलावे लागणार नाही. तुम्ही उदारपणा मागत आहात. आमच्या व्यवसायात समोरच्याला काहीतरी विकायचे असते.

एक करून पाहा. इतकी वर्षे तुम्ही चौकोनात बसलात. मैदानावर बसलेल्या खेळाडूला जे दिसते आणि कार्यालयात बसलेल्या आकडेवाल्यांना दिसत नाही, अशी एक गोष्ट शोधा आणि ती प्रायोजकाच्या उपयोगाची कशी, ते लिहा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला, हे वाक्य खाली कुठेतरी जरूर घ्या, परंतु सुरुवात त्याने करू नका, कारण ते इतर सगळेच लिहिणार आहेत.

खोखोचा गडी

दोन दिवस विचार केला. आता असे लिहिले आहे:

“आमची स्पर्धा ३ दिवस चालेल आणि तीत १६ संघ खेळतील. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे ८ खेळाडू मैदानाच्या मधल्या पट्टीवर एका ओळीत बसतात आणि शेजारच्या दोघांची तोंडे नेहमी विरुद्ध दिशांना असतात. त्यामुळे जर्सीच्या पाठीवर छापलेले नाव खेळ चालू असताना मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना सतत समोर दिसत राहते, आणि प्रत्येक खो देताना सर्वांची नजर त्याच पाठीवर जाते. ही जागा आम्ही एकाच प्रायोजकाला देणार आहोत. तिची किंमत खाली दिली आहे.”

आकडेवाला

हे मी वाचले असते. शेवटचे पान न उघडता वाचले असते, हेही कबूल करतो. प्रत्येक बाजूला प्रेक्षक अंदाजे किती असतील, तो आकडा मागच्या वर्षीच्या मोजणीवरून घाला. मोजणी नसेल, तर खुर्च्या मोजा.

जुना पंच

शाब्बास. पंच म्हणून वर्षानुवर्षे त्या पाठी पाहिल्या, पण हे माझ्या कधी डोक्यात आले नाही. एकच अडचण सांगतो. खो पाठीवर हात मारून देतात, आणि तो हात नुकताच खांबावरून किंवा मातीतून आलेला असतो. माळव्याची काळी माती आहे, दुसऱ्या डावापर्यंत पांढऱ्या जर्सीवरचे नाव वाचता येत नाही. जर्सी गडद रंगाची घ्या किंवा प्रत्येक संघाला २ संच द्या, आणि दुसऱ्या संचाचा खर्च कोण करणार, तेही त्याच परिच्छेदात लिहा.